अनवाणी पाहुणा

मध्यस्थ केशोरावांचा फोन आला तेव्हा पुरनलाल टेंभरेचे दोन्ही हात कोपरापर्यंत तेलात होते. समोर आमगावकडची एक म्हातारी पाय लांब करून बसली होती आणि पुरनलाल तिच्या पोटऱ्या चोळत होता. धाकटा भाऊ तिलक यानं फोन त्याच्या कानाशी धरला.

"पुरनलालजी, घोटाळा झाला," केशोराव ओरडून बोलत होते. "माझी सासू पडली मोरीत. तिले दवाखान्यात घेऊन जाऊन राहिलो. लीलाधरजींच्या संगं मले येता नाही येत."

"मंग? आजचं पाहुणपण रद्द का?"

"नाही नाही! थे येऊन राहिले ना, एकटेच. दुपारच्या आत पोचतात. पण एक ध्यानात ठेवा, थे कसे येऊन राहिले म्हनान तर..."

इथं फोन गप्प झाला. दरेकसाच्या पुढं, डोंगराच्या कुशीतल्या त्या गावात फोन असाच मर्जीनं चालायचा. पुरनलालनं 'हॅलो हॅलो' करून पाहिलं, मग म्हातारीचा दुसरा पाय हातात घेतला. पण त्याचं मन काही आता पायात राहिलं नाही.

नवरात्रातली अष्टमी होती. गोंदिया, आमगाव, सालेकसाकडून डोंगरगडच्या देवीला पायी जाणाऱ्यांची रांग गावावरून चालली होती. या वाटेवर टेंभऱ्यांचा मंडप गेली कित्येक वर्षं उभा राहत होता. गरम पाणी, तेलमालिश, चहा, फराळ, झोपायला सतरंजी. या घराची रीतच तशी होती. सण असो, वाढदिवस असो, तो सेवेशिवाय साजरा व्हायचा नाही. भूमेश्वरीचा, म्हणजे पुरनलालच्या मुलीचा, वाढदिवस आला की अंगणवाडीतल्या पोरांना खीर. तिलकच्या लग्नाचा वाढदिवस आला की नवराबायकोनं मिळून देवळामागची विहीर उपसायची. तिलकची बायको एकदा म्हणाली होती, "बाकीच्यायले साडी भेटते, मले बादली भेटली." पण उपसली तिनं.

मंडपात पुरनलालचा एकच कडक नेम होता. आलेल्याला नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही, जात तर नाहीच नाही. या नऊ दिवसांत रस्त्यानं जो अनवाणी आला तो देवीचा माणूस. त्याला बसवायचं, पाय धुवायचे आणि खाऊ घालून पुढं धाडायचं.

आणि नेमकं आजच लीलाधर रहांगडाले भूमेश्वरीचं घर पाहायला येणार होते.

त्यांचा मुलगा हिमांशू तिरोड्याकडं, चोरखमाऱ्याच्या धरणाच्या पाण्यावर शेती करणाऱ्या घरातला. स्वतः कृषी खात्यात नोकरीला. भूमेश्वरी आरोग्य केंद्रात नर्स. दोघं एका शिबिरात भेटले होते, आणि मग केशोरावांनी स्थळ आणलं तेव्हा भूमेश्वरीनं "तुमी मनाल तसं" असं इतक्या झटकन म्हटलं की पुरनलालला काय ते समजलं. मुलाचा फोटो आला होता. बापाचा फोटो कोण मागणार? पण बापाची कीर्ती मात्र आली होती. लीलाधरजी म्हणजे फार टोकाचा माणूस. मागं एका घरी मुलगी पाहायला गेले, चहा थंड आला म्हणून खाटेवरून उठले ते सरळ घरी.

तेव्हापासून पुरनलालची बायको रुक्मा चहा उकळतानासुद्धा देवाचं नाव घेत होती.

"भाऊ, तुमी घरी जा, आंघोळ करा," तिलक म्हणाला. "तेलाचा वास येऊन राहिला. मी पाहतो मंडप."

"जातो. हा एक गडी झाला का जातो."

हा एक गडी म्हणजे आत्ताच मंडपाच्या तोंडाशी येऊन उभा राहिलेला एक उंच, साठीचा माणूस. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेलं, कपाळावर कुंकू, गळ्यात लाल गमछा, पाय अनवाणी. तो इकडंतिकडं पाहत होता, जणू कुणाला तरी शोधत होता. मंडपात नवखी माणसं अशीच बुजतात हे पुरनलालला ठाऊक होतं. त्यानं पुढं होऊन त्याचा हातच धरला.

"या, या! जय माता दी! तुमचीच वाट पाहून राहिलो होतो."

असं तो प्रत्येकालाच म्हणायचा. पण त्या माणसाचा चेहरा एकदम उजळला.

"हो का? मले वाटलं, घर सापडते का नाही."

"हे घरच समजा. बसा. पाय आना इकडं."

"अहो, पाय कायले? एवढं नका करू."

"आमची रीत हाये," पुरनलाल म्हणाला आणि त्यानं परात पुढं ओढली. पाहुणा संकोचून बसला. पुरनलालनं गरम पाण्यानं त्याचे पाय धुतले, गमछ्यानं पुसले, तेल घेतलं. पाहुण्याचे डोळे भरून आले. "असा मान मले कोनीच नाही दिला," तो पुटपुटला.

"सेवा करनं आपलं काम." पुरनलालची बोटं टाचेवरून, तिथं रुतलेल्या काट्याला चुकवत, फिरू लागली आणि सकाळपासून मनात साठलेलं तोंडावाटे वाहू लागलं. अनोळखी माणसापाशी मन मोकळं करायला बरं असतं. तो पुढच्या मुक्कामाला निघून जातो आणि बोललेलं आपल्याबरोबर घेऊन जातो. "पन खरं सांगू का, आज सेवेत ध्यान नाही माझं. घरी एक पाहुना येऊन राहिला."

"आँ? आनखी कोन?"

"पोरीच्या होनाऱ्या नवऱ्याचा बाप. अजून ठरलं नाही काही. तेच पाहाले येऊन राहिला."

पाहुणा जरा सावरून बसला. "मंग? कसा हाये मानूस?"

"मी नाही पाहिला. पन लोक मनतात लगित कटकट्या. चहा थंड होता मनून भरल्या घरातून उठून गेला! आता तुमीच सांगा, चहा का साक्षीदार हाये, सांगील पोरगी कशी हाये मनून?"

पाय एकदम आखडला.

"दुखलं का?" पुरनलालनं विचारलं.

"हो," पाहुणा म्हणाला. "थोडंसं लागलं."

"लागनारच. चालून आले तुमी." पुरनलालनं हात हलका केला. आवाजही आपोआप हलका झाला. "मले माझं भेव नाही जी. माझा काय अपमान करील? मी रोज शंभर लोकायचे पाय धरतो, त्याचेबी धरीन. पन पोरीच्या मनात पोरगा भरला हाये. ती बोलत नाही. आई-बापाले दिसते. अना त्या मानसाचं डोकं फिरलं तर पोरगी एक शब्द बोलनार नाही, गुपचूप ड्यूटीवर जाईल. हेच पाहवनार नाही माझ्यानं."

पाहुण्याचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "मी काय मनतो, पुरनलालजी..."

पण तेवढ्यात बाहेर ट्रॅक्टर सुरू झाला. पायाला फोड आलेल्यांना, म्हाताऱ्या माणसांना घाटाच्या पायथ्याशी नेऊन सोडायचं काम तिलककडं होतं. पुरनलाल उठला, पाहुण्याच्या हातात फराळाचा द्रोण दिला आणि त्याच्या टाचेतल्या काट्याकडं बोट दाखवून ओरडला, "तिलक, या बाबाजींले बसव ट्रॉलीत! काटा लागला हाये, चढ चालवनार नाही."

"मले नाही जायचं," पाहुणा म्हणाला. "मले इथंच थांबायचं हाये."

"सारेच असंच मनतात," तिलक हसून म्हणाला. "आता आईच्या दारी जाऊनच थांबा!" आणि दोन धडधाकट पोरांनी लीलाधर रहांगडाल्यांना, कारण ते तेच होते, अलगद उचलून ट्रॉलीतल्या गवतावर ठेवलं. भजन म्हणणाऱ्या बायांनी त्यांना जागा करून दिली. ट्रॅक्टर निघाला. लीलाधरजी द्रोण हातात धरून बराच वेळ मंडपाकडं पाहत राहिले. पुरनलालला वाटलं, किती भाविक माणूस! त्यानं दोन्ही हात उंचावून निरोप दिला.

आंघोळ करून, इस्त्रीचं धोतर नेसून तो ओसरीवर येतो न येतो तोच गल्लीच्या तोंडाशी एक पांढरी मोटार थांबली. तिच्यातून गोरा, गुबगुबीत गृहस्थ उतरला. पायात बूट. त्यानं मोठ्या रस्त्याकडं चोरून पाहिलं आणि झपाझप गल्लीत शिरला.

"आले!" पुरनलाल आत ओरडला. "रुक्मा, चहा! उकळता आन!"

गृहस्थाला त्यानं दारातच गाठलं. "या, या! वाट पाहूनच राहिलो होतो!"

"अरे वा! म्हणजे ऐकलं ते खरंच," गृहस्थ आनंदानं म्हणाला. "गोंदियात लोक सांगतात, टेंभरे परिवार जैसी सेवा कुठं नाही."

गोंदियापर्यंत आपलं नाव पोचलं आणि होणारे व्याही ते स्वतःच्या तोंडानं सांगताहेत! पुरनलालच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. कुठं आहे तो कटकट्या माणूस? हा तर लोण्याचा गोळा. पलंगावर बसवलं, पंखा लावला. चहा इतका गरम आला की पाहुण्यानं पहिल्या घोटाला जीभ भाजून घेतली, तरी "वा" म्हणाला.

रुक्मानं फराळ आणला. साबुदाणा, शिंगाड्याचा शिरा, दही. हिमांशूचे वडील कडक उपास धरतात असं भूमेश्वरीकडून कळलं होतं. कसं कळलं ते कुणी विचारलं नव्हतं.

पाहुण्यानं ताटाकडं जरा खिन्नपणे पाहिलं. "डाळभात नाही का?"

रुक्मा आणि पुरनलालनं एकमेकांकडं पाहिलं. "तुमचा उपास...?"

"छे छे, अपने से नहीं होता. शुगर आहे ना."

"बरोबर हाये," पुरनलाल घाईघाईनं म्हणाला. "जिवापेक्षा का उपास मोठा? रुक्मा, भात टाक." रुक्मानं आत जाताना नवऱ्याला डोळ्यांनीच काहीतरी विचारलं. त्यानं ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. व्याह्याची परीक्षा घ्यायची नसते.

"मंग पोरीले बोलावू का?" त्यानं विचारलं.

"पोरीला? कशाला?"

"तुमी पाहून घ्या ना एकदा. नर्स हाये."

"अच्छा, नर्स!" गृहस्थाचा चेहरा फुलला. "बोलवा, बोलवा! इतकी सोय आहे इथं?"

भूमेश्वरी आली. हिरवी साडी, डोक्यावर पदर, हातात पाण्याचा तांब्या. ती वाकून नमस्कार करणार एवढ्यात पाहुण्यानं बूट काढला, मोजा काढला आणि पाय तिच्यासमोर धरला.

"बेटी, जरा ये देख लेना. अंगठ्याला काहीतरी टोचतंय."

मुलगी पाहण्याची ही कुठली पद्धत? पण भूमेश्वरी खाली बसली. तिनं तो पाय हातात घेतला, उलटा केला, तळवा पाहिला, टाच पाहिली. मग बापाकडं पाहिलं.

"बाबा, जरा आत या."

स्वयंपाकघरात तिनं पदर खोचला. "हे थे नाहीत."

"नाहीत मंजे?"

"हिमांशूचे बाबा नवरात्रात पायात काही घालत नाहीत. नऊ दिवस अनवाणी. याइचे तळवे लोण्यासारखे हायेत. एक फोड नाही, भेग नाही."

"तुले कसं ठाऊक थे अनवाणी फिरतात मनून?"

भूमेश्वरीचे कान लाल झाले. "आता हे विचाराची वेळ हाये का, बाबा?"

पुरनलाल बाहेर आला तो त्या गृहस्थापुढं हात जोडूनच. "राग मानू नका, पन तुमी लीलाधरजी ना?"

"मी? मी ईश्वरदास. गोंदियात कापडाचं दुकान." मग त्याचा चेहरा पडला. आपली चोरी पकडली गेली असं त्याला वाटलं. "हे बघा, खरं सांगतो. पायी जायचा नवस बोललो होतो. निघालो पण होतो. पण आमगावच्या पुढं पाय बोलायला लागले, एक ओळखीचे गाडीवाले भेटले... मंडपात कुणी पाहू नये म्हणून गल्लीत उतरलो. तुम्ही दारातच पकडलं. देवीला सांगू नका."

"मी नाही सांगत," पुरनलाल म्हणाला. मोटारीतून आला तो लीलाधर नव्हता. मग अनवाणी कोण आला होता? उंच, साठीचा. 'घर सापडते का नाही' म्हणणारा. 'थोडंसं लागलं' म्हणणारा. आणि शेवटी त्यानं हाक मारली होती ती 'पुरनलालजी' म्हणून. मंडपात कुणाचं नाव विचारायचं नाही हे खरं, पण पुरनलालनं तरी आपलं नाव त्याला कुठं सांगितलं होतं?

"रुक्मे," तो भिंतीला टेकून म्हणाला, "मी व्याह्याले कटकट्या म्हनलो. त्याच्याच तोंडावर. त्याचेच पाय दाबता दाबता."

"अना आता थे कुठं हायेत?"

"ट्रॉलीत घालून डोंगरगडले धाडले."

रुक्मानं कपाळाला हात लावला. भूमेश्वरी मात्र बोलत बसली नाही. तिनं औषधाचा डबा उचलला, स्कूटी बाहेर काढली आणि हिरव्या साडीचा पदर कमरेला आवळून चावी फिरवली. "बसा मागं." पुरनलाल धावत आला आणि होता तसाच मागं बसला. चप्पल घालायचंसुद्धा त्याला सुचलं नाही. मागून ईश्वरदासची हाक आली, "भात येतोय ना?" आणि रुक्माचा आवाज, "बसा, बसा, आता आले तर जेवूनच जा!"

जंगलातला रस्ता खड्ड्यांचा. दर खड्ड्याला पुरनलाल माफीचं एक नवं वाक्य तयार करायचा आणि पुढच्या खड्ड्यात ते विसरायचा. वाटेत रिकामा ट्रॅक्टर परत येताना भेटला. "थे काटावाले बाबाजी?" तिलक म्हणाला. "उतरवले घाटाखाली. लगित शांत मानूस, भाऊ. सारा रस्ता एकच गोष्ट विचारत होता, तुझा भाऊ नेहमीच इतका बोलते का?"

घाटाच्या पायथ्याशी पलीकडच्या गावच्या बायांचा मंडप होता. तिथं एका दगडावर, चहाचा पेला हातात घेऊन, लीलाधर रहांगडाले बसले होते. पुरनलाल स्कूटीवरून उतरला तो थेट त्यांच्या पायांवर.

"पुन्हा पायच?" लीलाधरजी दचकून म्हणाले. "सोडा आता! उठा!"

"मी मूर्ख हाये जी. मी वाटेल ते बोललो. शिक्षा मले करा, पोरीले नका करू."

लीलाधरजींनी त्याला दंड धरून उठवलं आणि शेजारी दगडावर बसवलं. "मी सांगनारच होतो मी कोन मनून. पन आधी वाटलं हे स्वागतच चालून राहिलं. पाय धुतले, मनलं वा, काय लोक हायेत! मंग तुमी व्याह्याची गोष्ट काढली. आता त्या वेळी 'थो मीच' म्हनलो असतो तर तुमी त्या पान्याच्या परातीत जीव दिला असता."

"थंड चहाचं मी ऐकीव बोललो..."

"ऐकीव नाही, मीच पसरवलं थे," लीलाधरजींनी आवाज खाली आणला. "चहा गरमच होता. खाटेत ढेकून होते, पुरनलालजी. अस्से! बसवेना. आता लोकायच्या घरी ढेकून होते मनून गावात सांगू का? त्या घरच्या पोरीचं कसं होईल? मनून चहाचं नाव घेतलं. तेव्हापासून मी जिथं जातो तिथं मानसं मले उकळता चहा पाजतात. जीभ गेली माझी."

इतक्यात भूमेश्वरी पुढं आली, खाली बसली आणि तिनं लीलाधरजींची टाच हातात घेतली. चिमट्यानं काटा काढला, औषध लावलं, पट्टी बांधली. "उद्या पट्टी बदला," ती म्हणाली. "अना आज पान्यात पाय घालू नका. कोनी धुवाले आलं तरी."

लीलाधरजी पट्टीकडं आणि पोरीकडं आळीपाळीनं पाहत राहिले. पुरनलाल अर्धवट उठला आणि पुन्हा बसला. होकार नाही, नकार नाही. विचारावं तर कसं विचारावं?

विचारायला वेळच मिळाला नाही. अनवाणी, धुळीनं भरलेला, दमलेला माणूस मंडपाच्या बायांना दिसला होता. तिघीजणी परात घेऊन आल्या आणि एकीनं सरळ पुरनलालचा पाय ओढला. "बइठ न कका, बइठ!"

"नाही नाही, मी चालनारा नाही! मी सेवावाला हाये! माझा सोताचा मंडप हाये तिकडं!"

"सब्बो अइसनेच कहिथें," मघाशी तिलक म्हणाला होता तेच ती आपल्या बोलीत हसून म्हणाली आणि तिनं तेलाचा हात तळव्यावरून फिरवला.

इतकी वर्षं पुरनलालनं हजारो पाय चोळले होते. त्याचा पाय मात्र कुणी कधी धरला नव्हता. त्यामुळं आपल्याला किती गुदगुल्या होतात हे त्यालाही ठाऊक नव्हतं. आधी तो खुसखुसला. मग 'सोडा, सोडा' म्हणाला. मग सकाळपासूनची सगळी भीती कुठूनशी फुटून वर आली आणि तो दगडावर आडवा होऊन खदाखदा हसायला लागला. डोळ्यांतून पाणी, दोन्ही हात हवेत, एक पाय त्या बाईच्या मांडीवर आणि दुसरा आभाळाकडं. त्याला धरायला आणखी दोघी धावल्या. चढाला लागलेले यात्रेकरू थांबून पाहू लागले.

त्या गलक्यात भूमेश्वरीचा फोन वाजला. तिनं पडद्यावर पाहिलं आणि फोन झटकन पदराआड केला.

लीलाधरजींनी हात पुढं केला. "आन इकडं."

तिनं मान खाली घालून फोन दिला.

"हो, मीच बोलून राहिलो, हिमांशू," लीलाधरजी म्हणाले. "हो, पोचलो. घर नाही पाहिलं अजून... नाही, मानसं पाहिली ना... आँ? जोरानं बोल." त्यांनी दुसऱ्या कानावर हात ठेवला आणि दगडावर लोळणाऱ्या पुरनलालकडं पाहिलं. "नाही रे, कोनी रडून नाही राहिलं. तुझे सासरे हायेत. हासून राहिले."